काट्याला हेच लागतं

सोहारच्या मासळी-गोदामात गुरुवारी रात्री
ट्रकांची ये-जा थांबते, तेव्हा सर्व्हर माझा.
शनिवारी पहाटे सुरमईचा पहिला ट्रक यायच्या आत
यंत्रणा नवी झाली पाहिजे,
असं मालक नाही, अकाउंटंट म्हणाला.

सर्व्हर बर्फाच्या खोलीला लागून आहे,
म्हणून मी जूनमध्ये स्वेटर घालते.
दार उघडून बाहेर पाऊल टाकलं की चष्मा पांढरा.

एकशे ब्याऐंशी पॅकेजेस उतरली, रांगेत बसली,
आणि पडद्यावर लग्नघर सुरू झालं.
हा येईल, पण तो आला तर.
तो येईल, पण ती गेली तर.
ती जाईल कशी, तिच्या जिवावर अजून तिघं जेवतात.
एकाला ओढलं तर चौदा जण निघायला तयार,
त्यात डेटाबेस, म्हणजे नवरदेवच.
पुढे जायचं? हो की नाही?
मी नाही म्हटलं.
इतक्या ठामपणे मी माझ्या लग्नातही काही म्हटलं नव्हतं.

मग हाताने. एकेक नाव, एकेक आवृत्ती,
वहीच्या मागच्या पानावर बाण काढत.
सगळे बाण जाऊन थांबले एका जुन्या लायब्ररीपाशी,
सात वर्षांपूर्वीची, कुणीतरी जागच्या जागी खिळवून ठेवलेली.
सोबत इंग्रजीत, सगळ्या मोठ्या अक्षरांत, एक ओळ:
हे हलवू नका. काट्याला हेच लागतं. शिजू.

शिजू माझ्या आधीचा. मी त्याला पाहिलेलं नाही.
त्याची खुर्ची माझ्याकडे आहे, कान तुटलेला मग आहे,
आणि खणात त्याच्या मुलीचे पासपोर्टचे तीन फोटो,
चौथा कुठल्यातरी अर्जावर गेलेला.

काटा म्हणजे धक्क्यावरचा वजनकाटा.
तो बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली,
तो मात्र तिचीच भाषा बोलतो.
नवा घ्यायचा तर दोन हजार रियाल,
आणि वर अकाउंटंट.

काढलं असतं तर शनिवारी
खमीसच्या होडीतले चारशे किलो
पडद्यावर शून्य दिसले असते.
खमीसला हे कळणारही नाही. बरंय.

माझ्या रहिवासी कार्डावर पहिली चार वर्षं
नवऱ्याच्या नावाखाली एकच शब्द होता: अवलंबून.
मग त्याची नोकरी गेली, माझी लागली,
आणि काउंटरवरच्या बाईने विचारलं, आता कोण कुणावर?
तिला फक्त रकाना भरायचा होता.
आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो, मागे रांग वाढत गेली.
अशा गोल गोल उत्तराला यंत्र चूक म्हणतं
आणि थांबतं.

अडीचला जमलं. त्याला उपाय म्हणवत नाही, जुगाड आहे.
जुनी लायब्ररी उचलून वेगळ्या फोल्डरात ठेवली,
काट्याच्या प्रोग्रामला तेवढाच रस्ता दाखवला,
खिळा काढला.
बाकीची वऱ्हाडी मंडळी सरसर आत गेली, रुसवे विसरून.
सर्व्हर बंद झाला
आणि उठेना.
एक मिनिट. दोन. भिंतीपलीकडे बर्फाचे पंखे.
कॉफी मागवावी का, असा भलताच विचार आला.
उठला.

धक्क्यावर जाऊन काट्यावर पर्स ठेवली: दोन किलो दोनशे.
डबा काढून पुन्हा: एक किलो सहाशे.
स्वतः उभी राहिले, तो आकडा लिहीत नाही.

परत येऊन शिजूच्या ओळीखाली टाइप केलं:
हलवलं. काटा चालतो. जुनं बाजूला ठेवलंय, पुसू नका. हेमांगी.
त्याची ओळ पुसायला हात गेला होता.
राहू दे.

खण बंद केला, स्वेटर खुर्चीवर टाकला,
अजान सुरू होत होती.
दार उघडलं, चष्मा पांढरा,
आणि गाडी कुठे लावली होती
ते काही केल्या आठवेना.